अडीच लाखांत शाळेची संगणक खोली: काय घ्यावे, त्यावर काय चालवावे आणि नागपूरच्या उन्हाळ्यात ती कशी टिकवावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. उमरेड तालुक्यातली पाचवी ते दहावीची शाळा, देणगीतून जमलेले अडीच लाख रुपये, दहा संगणकांची खोली करायची आहे. नवे स्वस्त लॅपटॉप घ्यावेत, टॅबलेट घ्यावेत, रास्पबेरी पाय (तळहाताएवढे, एका बोर्डाचे संगणक) घ्यावेत की ऑफिसमधून निघालेले जुने संगणक? विंडोजचा परवाना विकत घ्यावा की लिनक्स या फुकट मिळणाऱ्या प्रणालीवर भागेल? इंटरनेट आहे, पण मोबाइलच्या हॉटस्पॉटपुरते.

उत्तर आधी, कारणे नंतर. मोठ्या कंपन्यांच्या ऑफिसातून बाहेर पडलेले, एकाच मॉडेलचे अकरा छोटे डेस्कटॉप घ्या. दहा मांडा, अकरावा कपाटात कुलूपबंद ठेवा. त्यावर लिनक्स मिंट (लिनक्सचा एक सोपा प्रकार) घाला. आणि काहीही विकत घेण्याआधी साधारण पाचवा हिस्सा रक्कम वायरिंग, अर्थिंग आणि इन्व्हर्टरसाठी बाजूला काढा. शाळेतली लॅब बंद पडते ती बहुतेक वेळा संगणक जुना म्हणून नाही, वीज धड नाही म्हणून किंवा पन्नास रुपयांचा भाग कोणी बदलला नाही म्हणून.

स्वस्त संगणक म्हणून खास बनवलेल्या गोष्टींचा इतिहास फारसा उत्साह वाढवणारा नाही. २००५ मध्ये जाहीर झालेला ‘शंभर डॉलरचा लॅपटॉप’ २००७ मध्ये तयार होऊन आला तेव्हा त्याची किंमत जवळपास दुप्पट झाली होती. त्याचा भारतातला पहिला प्रयोग आपल्याच राज्यात, रायगड जिल्ह्यातल्या खैराट गावी झाला. २०११ चा केंद्र सरकारचा आकाश टॅबलेट २५६ एमबी रॅम (चालू कामाची तात्पुरती मेमरी) आणि बोट दाबून धरावे लागणारा पडदा घेऊन आला. किंमत हाच मुद्दा पुढे ठेवून बनवलेल्या यंत्राची अडचण एकच असते: त्याचा चार्जर, बॅटरी, कीबोर्ड तालुक्याच्या बाजारात मिळत नाही. उलट ऑफिसातला जुना डेस्कटॉप नागपुरात सीताबर्डीच्या बाजारात कुठल्याही दुरुस्तीवाल्याने शंभरदा उघडलेला असतो.

टॅबलेट मुलांना बघायला बरे, लिहायला नाही. कीबोर्डशिवाय टायपिंग नाही, तक्ता नाही, प्रोग्रॅमिंग नाही. नवे वीस हजारांच्या आतले लॅपटॉप बघितलेत तर त्यात बहुधा ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण बोर्डावरच चिकटवलेली असते. वाढवता येत नाही, बिघडली तर बोर्डच बदलायचा. त्यात लॅपटॉपची बॅटरी विदर्भाच्या उन्हात बंद खोलीत दोन महिने पडून राहिली की फुगण्याची शक्यता वाढते. रास्पबेरी पाय वाईट नाही, पण त्याची किंमत नुसत्या बोर्डाची सांगतात. वर अडॅप्टर, कार्ड, डबी आणि वेगळ्या टोकाची एचडीएमआय वायर धरली की आकडा जुन्या डेस्कटॉपच्या आसपास जातो आणि ताकद कमीच राहते. शिवाय लाइन गेली की लिहिता लिहिता मेमरी कार्ड खराब होणे हा त्याचा नेहमीचा आजार. विज्ञान मंडळासाठी, दिवे-सेन्सर जोडायला एखादा घ्या. लॅब त्यावर उभी करू नका.

आता नेमके कोणते यंत्र. डेल ऑप्टिप्लेक्स मायक्रो, एचपी एलिटडेस्क मिनी, लेनोवो थिंकसेंटर टायनी या तिन्ही एकाच जातीच्या गोष्टी आहेत: पुस्तकाएवढा डबा, बाहेर अडॅप्टर. प्रोसेसरच्या नावात आय५-६५००टी असे लिहिलेले असते. यातला पहिला ६ म्हणजे सहावी पिढी, शेवटचा ‘टी’ म्हणजे ३५ वॅटचा कमी वीज खाणारा प्रकार. लिनक्ससाठी सहावी किंवा सातवी पिढी पुरेशी आहे. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ अधिकृतपणे आठव्या पिढीपासून चालते, म्हणून सहावी-सातवी पिढी ऑफिसांना नकोशी झाली आहे. त्यांची अडचण ही शाळेची सोय. पुढे कधी विंडोज ११ लागेलच अशी शंका असेल तर आठव्या पिढीचे, म्हणजे ८५००टी वगैरे घ्या आणि दर यंत्रामागे चार-पाच हजार जास्त मोजायची तयारी ठेवा.

८ जीबी रॅम हवी, तीही एकाच पट्टीत, म्हणजे दुसरा खाचा मोकळा राहतो. ४ जीबीवर ब्राउझरच्या चार टॅब उघडल्या की यंत्र कण्हू लागते. एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, २५६ जीबीची, नाव माहीत असलेल्या कंपनीची. फिरती हार्डडिस्क फुकट दिली तरी मूळ प्रणालीसाठी वापरू नका. जुन्या संगणकात सगळ्यात जास्त फरक एसएसडीने पडतो, प्रोसेसरने नाही.

मिनी प्रकारच का, मोठा टॉवर का नाही, हे विजेच्या हिशोबात कळते. टॉवर किंवा मध्यम आकाराचा डबा साध्या कामात २५ ते ३० वॅट घेतो, मिनी १२ ते २०. १९-२० इंची एलईडी मॉनिटरचे १५ ते १८ धरा. म्हणजे दहा मिनींची खोली साधारण ३५० वॅटवर चालते आणि सगळ्यांनी एकदम व्हिडिओ लावले तरी साडेपाचशेच्या आसपास थांबते. ९०० व्हीएचा (व्हीए हे इन्व्हर्टरच्या ताकदीचे माप) साइन वेव्ह इन्व्हर्टर हे ओढतो. १५० एएचची (अँपिअर-तासांची) एक ट्यूब्युलर बॅटरी म्हणजे १२ व्होल्टला १,८०० वॅट-तास. बॅटरी तळापर्यंत न उपसता आणि रूपांतरातली घट वजा करून हातात हजारेक येतात. अडीच ते तीन तास. दोन तासिका आरामात. याच जागी टॉवर असते तर इन्व्हर्टर मोठा, बॅटऱ्या दोन, आणि बजेट तिथेच संपले असते.

इन्व्हर्टरच्या मागे एक बटण असते: यूपीएस मोड की साधा मोड. ते यूपीएसवर हवे. साध्या मोडमध्ये वीज बदलायला जो वेळ लागतो तेवढ्यात काही संगणक बंद पडून पुन्हा सुरू होतात, आणि मग ‘इन्व्हर्टर खराब निघाला’ म्हणून दुकानदाराशी भांडण होते. स्क्वेअर वेव्हचा इन्व्हर्टर घेऊ नका, अडॅप्टर गुणगुणतात आणि तापतात.

अर्थिंगकडे सगळे दुर्लक्ष करतात. आपल्याकडची काळी माती पावसात पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अर्थिंगच्या खड्ड्यातला पत्रा किंवा पाइप मातीपासून सुटतो आणि अर्थिंग नावालाच राहते. तपासायला मल्टिमीटर पुरतो. फेज आणि अर्थमध्ये २३० च्या आसपास, न्यूट्रल आणि अर्थमध्ये ३ व्होल्टच्या आत. दहा-वीस दिसले तर इलेक्ट्रिशियन बोलवा, संगणक लावू नका. खड्ड्यात कोळसा-मीठ घालून पाणी सोडायची नळी बाहेर काढून ठेवा आणि मार्च ते जून आठवड्याला दोन बादल्या पाणी टाका. संगणकांची लाइन पंखे-कूलरपासून वेगळी, स्वतःच्या एमसीबीवर (जादा भार आला की आपोआप पडणाऱ्या खटक्यावर) हवी. कूलरची मोटर चालू-बंद होताना तीच लाइन हलते.

कूलर हा नागपूर भागातल्या लॅबचा खरा प्रश्न. एसी परवडत नाही, पंख्याने ४५ अंशांत काही होत नाही, म्हणून खिडकीत कूलर येतोच. येऊ द्या, पण त्याचा झोत टेबलांवर थेट पडता कामा नये आणि समोरची खिडकी उघडी हवी. बंद खोलीत कूलर चालवला की ओलावा साचतो, धूळ ओली होऊन बोर्डावर बसते, आणि दोन-तीन महिन्यांत रॅमच्या सोनेरी टोकांवर मळ चढून संगणक नुसता बीप करतो, पडद्यावर काहीच येत नाही. उपाय सोपा आहे: वीज काढा, रॅम काढा, टोके पांढऱ्या खोडरबराने हलके घासा, कोरड्या कापडाने पुसा, परत दाबून बसवा. बरेचसे ‘मेलेले’ संगणक एवढ्याने उठतात. मुळात तो त्रास कमी करायचा तर शाळा सुटण्याआधी पंधरा मिनिटे कूलरचा पाण्याचा पंप बंद करून नुसता पंखा चालू ठेवा. पाऊस सुरू झाला की कूलर पूर्ण बंद.

खरेदीला जाताना दोन पेनड्राइव्ह न्या: एकावर मिंट, दुसरा रिकामा. मिंट पेनड्राइव्हवरूनच सुरू होते, काही इन्स्टॉल करावे लागत नाही. दुकानातच प्रत्येक यंत्र त्यावर चालू करा. बायोसमध्ये, म्हणजे यंत्र सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, पासवर्ड मागतो का ते पाहा; मागत असेल तर ते यंत्र स्वस्तात मिळाले तरी नको, कारण कंपनीच्या कुलुपाचा पासवर्ड दुकानदारालाही माहीत नसतो. ‘डिस्क’ नावाच्या प्रोग्रॅममध्ये एसएसडीची तब्येत आणि एकूण चालू तास दिसतात. रिकाम्या पेनड्राइव्हने यूएसबीची सगळी तोंडे, शिवाय आवाज आणि नेटवर्क पोर्ट तपासा. अडॅप्टर मूळ कंपनीचा हवा: डेलच्या यंत्राने परका अडॅप्टर ओळखला नाही तर ते सुरू होताना तक्रार करते आणि प्रोसेसरचा वेग मुद्दाम कमी करते. ‘संगणक स्लो आहे’ या तक्रारीचे हे एक कारण, आणि सॉफ्टवेअर बदलून ते जात नाही.

मॉनिटरची वायर आधी ठरवा. या यंत्रांना बऱ्याचदा डिस्प्लेपोर्ट असतो आणि जुन्या मॉनिटरला व्हीजीए. मध्ये कन्व्हर्टर लागतो. दहा कन्व्हर्टर म्हणजे तीन-चार हजार, जे कोटेशनमध्ये कोणी लिहीत नाही. मॉनिटर घेतानाच डिस्प्लेपोर्ट किंवा एचडीएमआय असलेले मागा. पक्क्या बिलावर प्रत्येक यंत्राचा सीरियल नंबर आणि वॉरंटीचे महिने लिहून घ्या. तोंडी वॉरंटीला अर्थ नाही.

रकमेची मांडणी साधारण अशी बसते. बाजार हलता आहे, त्यात रॅम आणि एसएसडीचे भाव फारच, तेव्हा तीन ठिकाणची कोटेशन घ्याच. अकरा मिनी बाराएक हजारांप्रमाणे १,३२,०००. वापरलेले दहा मॉनिटर २८,०००. वायरवाले कीबोर्ड-माउस ७,०००. बिनवायरचे नकोत, सेल आणि डोंगल दोन्ही गायब होतात. सोळा पोर्टचा नेटवर्क स्विच (सगळी यंत्रे एकमेकांना जोडणारा डबा) आणि केबल ८,०००. इन्व्हर्टर-बॅटरी २४,०००. वायरिंग-अर्थिंग २०,०००. दहापैकी जे यंत्र शिक्षक वापरतील त्यात जादा १ टीबीची डिस्क ४,०००. झाले २,२३,०००. उरलेले सत्तावीस हजार खर्च करू नका. कोणी तरी ‘प्रोजेक्टर घेऊ या’ म्हणेलच. ते पैसे पुढच्या तीन वर्षांच्या एसएसडी, अडॅप्टर, कीबोर्ड आणि बॅटरीच्या पाण्याचे आहेत.

केबल घेताना ती पूर्ण तांब्याची आहे का विचारा. स्वस्त केबलमध्ये ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो. टोक दोन-चारदा वाकले की आतून तुटते आणि नेटवर्क कधी चालते, कधी नाही.

आता सॉफ्टवेअर. लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती निवडा. मिंट २२ ला एप्रिल २०२९ पर्यंत सुरक्षा अद्यतने मिळतात, दिसायला ती जुन्या विंडोजच्या जवळची आहे, आणि शिक्षकांची भीड अर्ध्या दिवसात जाते. सी-डॅक या सरकारी संस्थेचे बॉस लिनक्स डेबियन या लिनक्सवरच आधारलेले आहे आणि तेही चालेल, पण अडचण आली तर उत्तरे शोधायला मिंटचे आणि ते ज्यावर आधारलेले आहे त्या उबुंटूचे जग मोठे आहे. समितीत ‘हे लिनक्स शाळेत चालते का’ असे कोणी विचारले तर केरळकडे बोट दाखवा: तिथल्या सरकारी शाळा कित्येक वर्षे मुक्त सॉफ्टवेअरवर चालतात आणि राज्याने उबुंटूवर आधारलेली स्वतःची प्रणाली शाळांसाठी काढली आहे.

दहा यंत्रांवर दहा वेळा इन्स्टॉल करत बसू नका. एक यंत्र पूर्ण तयार करा: अद्यतने, लिब्रेऑफिस (वर्ड-एक्सेलसारखी कामे), जीकॉम्प्रिस (लहानांचे शैक्षणिक खेळ), जिओजेब्रा (गणित), स्क्रॅच (मुलांचे प्रोग्रॅमिंग), मराठी कीबोर्ड, फाँट, प्रिंटर. विद्यार्थ्यांचे खाते प्रशासकाचे हक्क नसलेले. मग क्लोनझिला या अख्खी डिस्क उतरवून घेणाऱ्या प्रोग्रॅमने त्याची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढा आणि बाकी यंत्रांवर उतरवा. यूएसबी ३ वर दर यंत्राला दहा-पंधरा मिनिटे. इथे तीन ठिकाणी गाडी अडते. मूळ डिस्क २५६ जीबीची आणि दुसरी २४० ची असेल तर प्रत उतरत नाही, म्हणून सगळ्यात लहान डिस्कवर मूळ तयार करा. बायोसमध्ये सगळी यंत्रे सुरू होण्याच्या एकाच पद्धतीवर, म्हणजे यूईएफआयवर हवीत, नाहीतर उतरवलेली प्रत सुरूच होत नाही. आणि प्रत उतरवल्यावर प्रत्येकाचे नाव बदला आणि मशीन-आयडीची (यंत्राच्या ओळखक्रमांकाची) फाइल रिकामी करून यंत्र पुन्हा सुरू करा. सगळ्यांची ओळख एकच राहिली तर नेटवर्कवर दोन यंत्रांना एकच पत्ता मिळण्याचे घोळ होऊ शकतात. बायोसमध्ये असतानाच ‘वीज परत आल्यावर बंदच राहा’ हा पर्याय लावा, पासवर्ड घाला आणि तो मुख्याध्यापकांच्या रजिस्टरमध्ये लिहा. फक्त संगणक शिक्षकांच्या डोक्यात ठेवलेला पासवर्ड त्यांच्या बदलीबरोबर जातो.

तीच प्रत पुढे दुरुस्तीचे काम करते. एखाद्या यंत्रावर काही बिघडले की शोध घेत बसण्यापेक्षा पुन्हा प्रत उतरवा. मुलांच्या फाइल्स त्या यंत्रावर ठेवायच्याच नाहीत, शिक्षकांच्या यंत्रावरच्या फोल्डरमध्ये ठेवायच्या. १ टीबीची डिस्क त्यासाठीच.

त्याच डिस्कवर कोलिब्री आणि किविक्स बसवा. कोलिब्रीत इंटरनेट नसताना धडे, व्हिडिओ, गोष्टी आणि सराव चालतो. किविक्समध्ये अख्खा विकिपीडिया एका फाइलमध्ये येतो: मराठीचा लहान आहे, चित्रांसह इंग्रजीचा शंभर जीबीच्या वर जातो. हे हॉटस्पॉटवर उतरवायचे काम नाही. नागपुरात कोणाकडे चांगले ब्रॉडबँड असेल तिथे दोन रात्री डिस्क लावून ठेवा. मुंबईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पातले लिब्रेऑफिस आणि लिनक्सचे मराठी धडेही तेव्हाच उतरवून घ्या. शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा खर्च वाचतो. अद्यतनांसाठी याच यंत्रावर ॲप्ट-कॅशर-एनजी चालवलात तर एकदा उतरवलेले पॅकेज बाकी नऊ यंत्रांना आतल्या आत मिळते. नाहीतर दहा संगणक एकाच हॉटस्पॉटवर तुटून पडतात आणि दुपारी बारापर्यंत दिवसाचा डेटा संपतो.

मराठी टायपिंगसाठी मुलांना इनस्क्रिप्ट ही कीबोर्डची प्रमाण मांडणीच शिकवा. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने, आणि मोबाइलपासून सरकारी कार्यालयापर्यंत एकच मांडणी. ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ लिहिताना सगळे अडतात: शिफ्ट धरून ‘र’ ची कळ दाबली की नुक्त्याचा ऱ येतो, त्याला हलन्त, मग य किंवा ह. ज्या शिक्षकांना बोलीप्रमाणे इंग्रजी कळांवर लिहायची सवय आहे त्यांच्यासाठी आयबस या लिनक्सच्या टायपिंग-साधनात एम१७एन हा जोड-संच घातला की फोनेटिक आणि गमभन दोन्ही मिळतात. जुन्या प्रश्नपत्रिका श्रीलिपीसारख्या फाँटमध्ये असतील तर त्या लिब्रेऑफिसमध्ये अगम्य अक्षरे दाखवतील. तो लिब्रेऑफिसचा दोष नाही, मजकूरच युनिकोड नाही. एकदाच बदलून घ्या आणि तो विषय संपवा. वर्डच्या फाइलची पाने सरकतात तेव्हा बहुधा फाँट नसतो: कार्लिटो आणि कॅलाडिया हे दोन फाँट घाला, ते कॅलिब्री आणि कँब्रियाच्या मापाचे आहेत.

लिनक्सने काय होत नाही तेही आधीच कळलेले बरे. यूडायस (शाळांची माहिती) आणि शालार्थ (पगार) ही सरकारी संकेतस्थळे ब्राउझरमध्ये चालतात, अडचण नाही. टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर आणि डिजिटल स्वाक्षरीचे टोकन यांच्यासाठी कार्यालयात एक विंडोजचे यंत्र ठेवा. नूतनीकृत डेस्कटॉपच्या बोर्डाशी बहुधा विंडोजचा परवाना जोडलेला असतो, तो वापरा; ‘फुकट ॲक्टिव्हेट करून देतो’ म्हणणाऱ्याचा पेनड्राइव्ह लावू देऊ नका, व्हायरस येतो तो याच वाटेने. एमएस-सीआयटी किंवा टायपिंग परीक्षेचे केंद्र व्हायचे असेल तर त्यांच्या अटी आधी वाचा, त्या विंडोज गृहीत धरतात. प्रिंटरचे सांगायचे तर कॅनन एलबीपी २९०० हा गावोगावी दिसणारा प्रिंटर लिनक्सवर छळतो. एचपी १०२० चालतो, पण त्याला एक जादा प्लगइन लागते आणि प्रत्येकदा चालू केल्यावर फर्मवेअर (प्रिंटरच्या आतले सॉफ्टवेअर) पुन्हा चढवावे लागते. नवा घ्यायचा असेल तर ड्रायव्हरशिवाय चालणारा, म्हणजे डब्यावर एअरप्रिंट लिहिलेला, नेटवर्क प्रिंटर घ्या.

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात, म्हणजे लॅब जवळपास दोन महिने बंद. सुट्टी लागताना सगळे प्लग आणि स्विचची नेटवर्क केबल बाहेर काढा. अवकाळी वादळातली वीज केबलमधूनच आत येते. इन्व्हर्टरची बॅटरी चालू ठेवायची असेल तर महिन्यातून एकदा डिस्टिल्ड पाणी बघायला माणूस ठरवा, मे महिन्यात पातळी भराभर उतरते. शाळा उघडण्याच्या चार दिवस आधी ब्लोअरने धूळ काढा, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी बघा आणि मग एकेक यंत्र चालू करा. ज्याचे घड्याळ काही वर्षे मागे गेले असेल त्यातला सीआर२०३२ हा गोल बटण-सेल बदला. तारीख चुकीची असेल तर ब्राउझर सगळ्याच साइट असुरक्षित म्हणून अडवतो आणि लोक इंटरनेटवाल्याला फोन करत बसतात. अकरा सेल एकदमच आणून ठेवा.